क्रीम चीजमधल्या गाठी

"क्रीम चीज फ्रिजमधून आत्ता काढलंस?" आईने विचारलं.

"मगाशीच काढलं."

आईने भांड्याला बाहेरून हात लावला. भांडं गार होतं. आत पांढऱ्या गाठी तरंगत होत्या.

"मुद्दाम केलंस."

"अगं आई, केक बिघडवून मला काय मिळणार?" ती म्हणाली, पण फेटणं तिने थांबवलं.

आईने चाळणी काढली आणि चमच्याच्या पाठीने दाबून दाबून मिश्रण गाळायला घेतलं. हा केक तसा सोपा. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून तळाला थापायचा, वर चीज, साखर आणि अंडी फेटून ओतायची आणि त्यावर डब्यातल्या पीचच्या फोडी मांडायच्या. न जमण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणूनच आईला राग आला नाही, वाईट वाटलं.

चार वाजता डॉक्टर येणार होता. दातांचा. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिने अजून उत्तर दिलं नव्हतं. कालच परदेशातून आलेली त्याची मोठी बहीणही सोबत येणार होती. हो म्हटलं तर तिला त्याच्याबरोबर दूरच्या शहरात जावं लागणार होतं.

"दातांच्या डॉक्टरला केक. शोभतं का?"

"त्याच्याच धंद्याला हातभार. तू फोडी लाव."

ती फोडी लावू लागली. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आता दोघीच. एकीला झोप लागली नाही की दुसरीही उगीचच पाणी प्यायला उठायची.

"त्याला कडेच्या फोडी आवडायच्या," ती म्हणाली. "जरा करपलेल्या."

"माहीत आहे मला. आज त्याचा विषय नको. मला जमणार नाही."

"मग मी गेल्यावर कुणापाशी काढशील?"

आईने केकचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. "सरळ बसलंय का बघ."

"मी त्याला नाही म्हणणार आहे."

"नाही म्हणून तर बघ. चांगला माणूस आहे. तू बोलतेस तेव्हा तुझ्याकडे बघतो, मोबाइलकडे नाही. माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात जन्म घालवायचाय का तुला?"

"मला चालेल."

"मला नाही चालणार," आई म्हणाली आणि ओव्हनच्या काचेतून आत बघत बसली. आत बघण्यासारखं अजून काहीच नव्हतं.

पाहुणे वेळेवर आले. केक कडेने घट्ट झाला होता, मधे किंचित थरथरत होता. तसाच हवा असतो. आई कापायला उभी राहिली.

"तू बस बघू," तिने सुरी काढून घेतली. "पाय सुजलेत आणि मिरवतेयस."

डॉक्टरची बहीण हसली. "माझी लेकही मला अशीच दटावते." तिने घास घेतला. "छान झालाय. तुम्ही केलात?"

"तिनेच. मी नुसती लुडबुड."

ती डॉक्टरपुढे बशी ठेवत होती. तो हळूच काहीतरी म्हणाला आणि ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मग चटकन आईकडे पाहून गप्प झाली. आईने न पाहिल्यासारखं केलं.

बहिणीने बशी खाली ठेवली. "खरं सांगू? मला तुमच्यासाठी वाईट वाटतंय. नवरा गेल्यावर माहेर होतं म्हणून ती सावरली. आता तेही सोडून इतक्या लांब जायचं."

डॉक्टरला सगळं ठाऊक होतं. तो काही बोलणार तोच आईने मान हलवून त्याला थांबवलं.

"माहेर नाही हो हे," आई म्हणाली. "सासर आहे तिचं."