धुतलेल्या बिया

मामांनी शेवटची चाळणी नळाखाली धरली, निथळवली आणि बिया वर्तमानपत्रावर पसरल्या. एकशे बारा पाकिटांतली उदमांजराची विष्ठा धुऊन झाली होती. रानाच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे घाण कशी ठेवायची, या संकोचापायी ते पहाटेच कामाला लागले होते.

भाची दारात आली आणि तिथेच थांबली.

"पाकिटं कुठायत, मामा?"

त्यांनी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच राहिलं. ती पुढे काही बोलायच्या आतच त्यांना आपली चूक कळली.

प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: वरचं रान किंवा खालचं रान. दोन्ही रानांना जोडणारी झाडांची एक अरुंद पट्टी तेवढी उरली होती आणि रस्त्यासाठी ती तोडायची की नाही, हे आज ठरायचं होतं. खाच असलेली बी ज्या झाडाची, ते झाड फक्त वरच्या रानात होतं. तीच बी खालच्या रानातल्या विष्ठेत निघाली, की जनावर वर फळ खातं आणि पट्टीतून खाली येतं, हे सिद्ध होऊन पट्टी वाचली असती. एकेक पाकीट साहेबांसमोर फोडायचं ठरलं होतं. त्यासाठी भाचीनं वर्षभर काटेकुटे तुडवले होते.

आता सगळ्या बिया एकाच कागदावर होत्या.

भाचीनं आदळआपट केली नाही. कोरी पाकिटं काढली, खाचेच्या बिया वेचून त्यांत भरल्या आणि वर 'खालचं रान' लिहीत सुटली. मामांनी तिचं मनगट धरायला हात पुढे केला, पण धरवेना.

"चूक तुमची, खोटं माझं," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही फक्त गप्प बसा. ते तर तुम्हाला छान जमतं."

बाहेर गाडीचं दार वाजलं.

साहेबांनी पाकीट उघडून बी तळहातावर घेतली. इतकी स्वच्छ कशी, असं विचारलं. तुमच्यासाठीच धुतली, असं भाचीनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि अहवाल मामांपुढे सरकवला. अहवाल तपासणारे म्हणून सही मामांचीच लागणार होती.

"ही खालच्या रानातच सापडली ना?"

भाची खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मामांना दिसली. बी खालचीच असणार. बहुतेक. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अहवालांतून हाच एक शब्द लाल शाईनं खोडला होता.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मी सगळ्या एकत्र धुतल्या."

मुदत वाढवता येईल का, हेही त्यांनी चाचरत विचारलं. आजचाच दिवस शेवटचा, असं साहेब म्हणाले. त्यांनी 'पुरावा नाही' एवढी एक ओळ लिहिली आणि पट्टीत सोमवारी यंत्रं येतील, असं सांगून ते निघाले. जाताना बी त्यांनी अलगद कागदावर परत ठेवली.

मग भाचीनं सगळी पाकिटं फाडली, त्यांतल्या आणि कागदावरच्या बिया रुमालात ओतल्या आणि गाठ मारली.

"कुठे निघालीस?"

"कुठल्या रानातल्या ते माहीत नाही ना? मग दोन्हीकडे टाकते."

ती तरातरा चालू लागली. मामा धापा टाकत मागे गेले. पट्टीच्या तोंडाशी झुडपांखालून जाणारी वाट जेमतेम उदमांजरापुरती होती. भाची खाली बसली, रुमालाची गाठ दातांत धरली आणि हातापायांवर रांगत आत शिरली. फांद्या तिच्यामागे मिटल्या.

मामा उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि गुडघे टेकले.