बिनआवाजाची मोटर

सासऱ्यांच्या होडीला डिझेलचं इंजिन होतं, तोवर त्याची फटफट ऐकूनच सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. यंदा सासऱ्यांनी हौसेनं विजेची मोटर बसवली. इंजिन बदललं म्हणजे नोंदणीही नव्यानं आली. मग ऑफिसात खेटे घालून नंबर मिळवला आणि होडीवर स्वतःच्या हातानं रंगवला. मोटर इतकी गुपचूप चालायची, की ते एकदम दारातच उभे राहायचे, "आलो की! चहा कुठंय?"

सासूबाई दचकून करवादायच्या, "निदान खोकायचं तरी!"

ते होडी घेऊन गेले असताना आलेल्या वादळानंतर किनाऱ्याला नंबराची फळी तेवढी लागली.

काल संध्याकाळी नोंदणी ऑफिसातला कारकून आला. दारातच उभा राहून अवघडत म्हणाला, "आजी, होडी राहिली नाही की नियमानं नोंदणी रद्द करावी लागते. इथं सही हवी."

सासूबाईंनी सही केली. मला वाटलं, चला, एकदाचं मन घट्ट केलं त्यांनी.

कागद परत देताना त्या हळूच म्हणाल्या,



"भाऊ, जरा दारातून बाजूला उभे राहा. नव्या मोटरचा आवाज येत नाही हो, हे कधीही येतात."