जुन्या गावचा विस्तव

मुलांनो, एक चित्र डोळ्यांपुढे आणा. आरमोरीच्या पलीकडे, सागाच्या जंगलात धान पिकवणारं लहानसं गाव. गावाबाहेर कमरेएवढा खड्डा, आणि त्याच्या काठावर सगळं गाव उकिडवं बसलेलं. समोर जुन्या वस्त्यांचा शोध घेणारे नागपूरचे गुणवंतराव. गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच हा खड्डा खणला होता. तळाशी जुन्या गावाची चूल सापडली. तिच्यातला कोळसा डब्यात भरून त्यांनी परदेशी तपासायला पाठवला.

झाड जिवंत असतं तोवर हवेतून एका खास जातीचा कार्बन घेत राहतं. तुटलं की घेणं थांबतं, आणि आतला साठा हजारो वर्षं हळूहळू ओसरत जातो. किती उरलाय ते मोजलं, की झाड कधी तुटलं ते कळतं. गावाला मात्र एवढंच समजलं होतं, की कोळसा आपल्या बाजूनं साक्ष देणार. जुन्या वस्तीला जंगलात राहू देणार आणि नव्या वस्तीला उठवणार, असा सरकारी हुकूम निघाला होता.

“उत्तर आलं,” गुणवंतराव खाली बघत म्हणाले. “कोळसा अलीकडचा आहे.”

म्हातारा लटारू हसला. “वा रे मशीन! म्हंजे माह्या आज्याचा आजा अजून रांगूनच राह्यला म्हना.”

बाकी कोणी हसलं नाही.

मुखरूची कमळा उभी राहिली. दहा वर्षांची पोर. “तुमीच म्हनलं होतं साहेब, ‘एवढ्या कोळशात भागत नाई.’ मंग मी डबा भरला.”

“कशानं?”

“आमच्या चुलीतल्या कोळशानं.”

मुखरूचा हात उगारला गेला. गुणवंतरावांनी तो धरला. “असं का केलंस, बाळ?”

“खोटं नाई केलं जी!” कमळाचा आवाज चढला. “जुनं गाव पुरात गेलं तवा आमच्या जुन्या मानसायनं त्याच चुलीतला इस्तो गाडग्यात घालून आनला. तवापासून आमची चूल विझलीच नाई. माय रोज राखेखाली झाकते. गावात कोनाची विझली तं आमच्याकडूनच नेते. तेच आग हाय ना जी?”

गुणवंतरावांनी मुखरूचा हात सोडला.

“आग तीच असेल. पण आम्हाला आगीचं वय मोजता येत नाही. लाकडाचं येतं. ते लाकूड कालपरवाचं होतं.”

“मंग दुसरा कोळसा न्या ना,” मुखरू म्हणाला.

गुणवंतरावांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात चूल वाहून गेली होती. तळाशी नुसता गाळ होता.

माणसं एकेक करून उठली. लटारू तेवढा बसून राहिला.

कमळा घरी येऊन चुलीपुढे बसली. थोड्या वेळानं शेजारची आशाबाई विस्तव न्यायला खापर घेऊन दारात आली. “कमळे, इस्तो दे वं माय.”

कमळानं राख बाजूला केली. खाली निखारे लाल होते. तिनं राख परत त्यांच्यावर ओढली. मग बाप शेतावर बिडीसाठी नेत असे ती आगपेटी कोनाड्यातून काढली, आणि आशाबाईच्या खापरात ठेवली. “आमच्या आगीचं वय मोजता येत नाई म्हनते,” ती म्हणाली.