पहिल्या रांगेतली इंदुमती

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. मिरजेच्या विनायकबुवांच्या घरात काय घडलं ते सांगतो. माणसांच्या आठवणी यादीसारख्या साठवता येऊ लागल्या, त्या दिवसांतली गोष्ट.

पत्नी इंदुमती गेली आणि बुवांनी हट्ट धरला, "शर्वरी, आईच्या आठवणी माझ्यात घाल गं." त्यांची ही लेक 'जावा' ही संगणकाची भाषा कोळून प्यालेली. त्या भाषेतल्या 'ॲड-ऑल' या तयार आज्ञेनं तिनं आईची यादी बाबांच्या यादीत ओतली, 'सॉर्ट' या दुसऱ्या आज्ञेनं सगळी तारखेप्रमाणे लावली. दोन ओळींचं काम! गेलेल्या माणसाची यादी दुसरीकडे उतरवली की मूळ पुसायची, या नियमाप्रमाणे आईची मूळ यादी पुसलीही गेली.

आता आठवडाभर ती डोकं धरून बसली होती. ॲड-ऑल जुन्याच यादीत भर घालतं, म्हणून आधी दोन्ही याद्यांची प्रत काढायची असते, आणि तीच काढायला ती विसरली. आठवणींवर तारखा होत्या, नावं नव्हती; कुठली आईची, कुठली बाबांची, हे आता वेगळं करता येईना.

"बाबा, लग्नात आधी हार कुणी घातला?"

"मीच. आणि लाजून मान खाली घातली तीही मीच."

"अहो, ती आई होती!" शर्वरीनं कीबोर्ड आपटला. "एकदा तरी रडा हो तिच्यासाठी!"

"कसा रडू, बाळा? ती गेली कुठे?"

संध्याकाळी देवळात बुवा कीर्तनाला उभे राहिले. ओवी चुकली की ते पहिल्या रांगेकडे बघत; तिथून इंदुमती हातानं खुणावायची. आज ओवी चुकली, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. आईच्या जागी बसलेल्या शर्वरीचा उचललेला हात तसाच राहिला.

तेव्हा मंडळी, पहिल्या रांगेतली ती इंदुमती तुम्ही आठवणीत ठेवा. बुवांना ती आता स्वतःपासून वेगळी आठवतच नाही.