संपाचा अंक

काचबिंदूनं दृष्टी गेल्यापासून दाजीबांना त्यांची बायको शालन दर गुरुवारी साप्ताहिक वाचून दाखवायची. यंत्रमाग कामगारांची बाजू मांडणारं ते साप्ताहिक जुन्या युनियनवाल्या दाजीबांनी तीस वर्षं सोडलं नव्हतं.

साप्ताहिकाचे मालक बदलले, तसा त्याचा सूरही बदलला. या अंकात तर संपावरच्या कामगारांना गुंड म्हटलं होतं. शालननं याही वेळी मनचंच वाचलं, "कामगारांची मागणी रास्त आहे."

दाजीबा खुर्चीत चुळबुळले. "छापलंय ते वाच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीपासून कळतंय."

तिनं शब्दन् शब्द वाचला. दाजीबांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत राहिली.

"कागद घे," ते म्हणाले. "संपादकांना पत्र लिहायचंय. इतके दिवस मनचं वाचत होतीस ना, तसंच लिही."