अनुभवाचा रकाना

प्रार्थना संपली, ‘आमेन’ झालं आणि निवड समितीच्या अध्यक्षांनी माझी फाईल उघडली. आमच्या मिशनच्या विद्यापीठात समुपदेशन शिकवायला पदवीबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. मी अर्जात बावीस वर्षं लिहिली होती.

“पुरावा?” अध्यक्षांनी विचारलं. “ज्यांचं समुपदेशन केलंत, त्यांतल्या दोघांची तरी पत्रं हवीत.”

“तशी पत्रं आम्ही मागत नाही, सर. आपल्याकडे कोण येतं, हेच बाहेर सांगायचं नसतं.”

विभागप्रमुख रेव्हरंड घाटविसावे कळवळले. “अहो मार्थाबाई, एक तरी नाव सांगा! नोकरीचा प्रश्न आहे.”

नाव होतं. टेबलाच्या पलीकडेच बसलं होतं. हे अध्यक्ष दीड वर्ष दर गुरुवारी माझ्याकडे येतायत. चारचौघांत खरं बोलायची वेळ आली की त्यांची वाचाच बसते, म्हणून. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, बोला की आता! ते पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

“सांगता येणार नाही,” मी म्हणाले.

अध्यक्षांनी गुणपत्रकात अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि ‘उमेदवाराशी माझा परिचय नाही’ या छापील ओळीखाली झोकात सही ठोकली.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. मागेपुढे बघून हळूच विचारलं, “मॅडम, गुरुवारी सहालाच ना?”

“सहालाच,” मी म्हणाले. “बरंच काम बाकी आहे अजून.”