रोझलिनचं उत्तर

"चोवीस तास पाणी? विरारमध्ये?" उन्नती फिस्सकन हसली. "शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?"

रमेश ओशाळला. दोन हजार सहा सालची रविवारची दुपार, चंदनसारचा सायबर कॅफे, आणि एका कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीनं बसलेले हे नवराबायको. पडद्यावर प्रश्न होता : 'चंदनसारच्या शेवंती सदनात फ्लॅट घ्यावा का? कागदपत्रं साफ आहेत का?' खाली तीन उत्तरं. रमेश-उन्नतीची जन्माची कमाई त्या दोन खोल्यांवर लागली होती. उद्या अकराला टोकन. काय ते आज याच उत्तरांवर ठरणार होतं.

"बिल्डरचा माणूस वाटतो अगदी," उन्नती म्हणाली. "नुसतं गोडगोड. पुढचं?"

पुढचं उत्तर कुणा हरेश्वरचं होतं. 'घेऊ नका. जमीन शेतीची आहे. बिल्डिंग पाडायची नोटीस आलीय.'

 उन्नतीनं हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"हा मेला कुठून उपटला?"

"असेल कुणीतरी. बिल्डरशी वाजलं असेल त्याचं. पुरावा कुठे दिलाय?"

"अहो, पण खरा वाटतो ना! शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही."

"एकाचं ऐकून कुणी ठरवत नाही. हे वाच."

तिसरं उत्तर रोझलिनचं. 'तीन वर्षं राहतेय. पाणी एक दिवसाआड, मे महिन्यात टँकर. लिफ्टचं तर नावच काढू नका. पण कागदपत्रं आमच्या वकिलानं तपासलीत, चोख आहेत. नोटीस-बिटीस सगळी अफवा.'

उन्नतीनं ते दोनदा वाचलं. मग मान डोलावली.

"हे पटतं बाई. टँकरचं रडगाणं गाणारी कागदपत्रांबद्दल खोटं कशाला बोलेल?"

"नक्की?"

"नक्की. वकिलाचं आलंय ते बरं झालं."

"काका, पाच मिनिटं राहिली!" काउंटरवरून कॅफेवाला जितेश ओरडला.

रमेशनं पान पुन्हा उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. त्याच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. उन्नतीनं मनातल्या मनात जीवदानी देवीला हात जोडले.

आणि चौथी नोंद आली. प्रश्न विचारणाऱ्या विलासची.

'रोझलिनताई, जीव भांड्यात पडला. आयुष्याची पुंजी आहे हो. तुमच्या भरवशावर उद्या अकराला फ्लॅटमालक रमेश साहेबांना टोकन देतो.'

 उन्नतीनं हातातला कागद उलगडला. एका बाजूला शेवंती सदनाच्या पाडकामाची नोटीस होती. दुसऱ्या बाजूला रमेशच्या अक्षरात रोझलिनचा पासवर्ड. कीबोर्ड जवळ ओढून तिनं तो बघून बघून टाइप केला आणि रोझलिनच्या नावानं लिहिलं :

'अभिनंदन, भाऊ. राहायला आलात की वहिनींना घेऊन चहाला या.'